स्वॅपच्या कोडमध्ये 'फक्त साफसफाई'चे पॅच घ्यावेत का? माझं मत: नको

रामबागकर
इंदूरच्या विजयनगरमधल्या एका छोट्या कंपनीत लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बघतो. आमची मशिनं दुकानातल्या गल्ल्यावर बसतात, बिलं फाडायची, 512 एमबी रॅम, म्हणजे झेडरॅमवर (रॅममध्येच पानं दाबून ठेवायची जागा) स्वॅप नसेल, मेमरीची पानं तिथे सरकवता आली नाहीत, तर दुपारपर्यंत ॲप मेलंच म्हणून समजा. तर टीममधल्या एका ज्युनियरने आमच्या ट्रीसाठी (कर्नलच्या आमच्या प्रतीसाठी) 11 पॅचची, म्हणजे कोडमधल्या बदलांची, सिरीज टाकलीय, सगळी स्वॅपफाइल डॉट सी मध्ये, आणि वर लिहिलंय 'वागणुकीत बदल नाही, फक्त साफसफाई'. मी सरळ नाही म्हटलं, तेव्हापासून टीममध्ये तोंडं फुगलीयत.

माझं म्हणणं एवढंच की स्वॅपमध्ये 'फक्त साफसफाई' असं काही नसतंच. 2021 चं कर्नल 5.12-आरसी1 आठवा, रिलीजआधीची पहिली चाचणी आवृत्ती. स्वॅपसाठी बायो (डिस्कवर लिहा-वाचायची विनंती) बनवून देणारं एक छोटं हेल्पर फंक्शन होतं, ते कशाला म्हणून काढलं, कोड आटोपशीर झाला, वाचायलाही बरा, आणि स्वॅपफाइल डिस्कवर नेमकी कुठून सुरू होते तो ऑफसेटच त्यात हरवला. स्वॅपला वेगळं पार्टिशन देणाऱ्यांना पत्ताच नाही, कारण त्यांचं स्वॅप शून्यापासूनच सुरू होतं. स्वॅपफाइलवाल्यांकडे मात्र स्वॅप बिनबोभाट चालू राहिलं, फक्त पानं फाइलमध्ये न जाता फाइलसिस्टिमच्याच डोक्यावर लिहिली गेली. लिनक्सचे कर्ते टोरवाल्ड्सना आवृत्तीच्या टॅगचं नाव बदलून मागे 'डोन्टयूज' चिकटवावं लागलं आणि आरसी2 रविवारची वाट न बघता शुक्रवारीच काढला. आता सांगा, हा पॅच काय कोणी वाचला नव्हता? वाचून हे दिसत नाही, हाच तर मुद्दा आहे. चालतंय ना, मग हात लावू नका.

खजराना_नाका
भिया, अर्धीच गोष्ट सांगितलीस. 'चालतंय' हे ठरवलं कोणी? 4.15 मध्ये, म्हणजे 2018 च्या सुरुवातीला, झेडरॅमसारख्या झटपट डिव्हाइससाठी एक शॉर्टकट आत आला, स्वॅपकॅशला (स्वॅपमधून येणाऱ्या-जाणाऱ्या पानांची रॅममधली नोंद) वळसा घालून पान थेट आणायचा. वेग वाढला, सगळे खूश. त्यात एक रेस (दोघांच्या वेळा जुळून होणारी गडबड) होती ती 2024 मध्ये, 6.8 ला बुजवली. सहा वर्षं सगळे हेच म्हणत होते की चालतंय.

रेस कशी ते बघ, तुझ्याच बिलाच्या मशिनवर. एकाच ॲपच्या दोन थ्रेडनी एकाच पानाला हात घातला, पान झेडरॅममध्ये आहे. पहिल्याने ते उलगडलं, आपल्या पेजटेबलात (कुठलं पान कुठे आहे त्याचा तक्ता) बसवलं, स्लॉट (स्वॅपमधली त्याची जागा) मोकळा केला, आणि पानावर नवीन रक्कम लिहिली. तेवढ्यात मेमरी कमी पडली, पान परत बाहेर गेलं आणि नशिबाने त्याला तोच स्लॉट मिळाला. दुसरा थ्रेड मागे राहिलेला, हातात जुनी कॉपी. तो तपासतो की पेजटेबलमधली नोंद मघाशी होती तीच आहे ना? तीच आहे! बसवतो जुनं पान. नवीन रक्कम गायब. क्रॅश नाही, लॉगमध्ये ओळ नाही, गिऱ्हाईक आणि दुकानदार भांडत बसणार.

रामबागकर
अरे पण हे तर माझ्याच बाजूचं झालं. तो बग साफसफाई केली नाही म्हणून आला का? वेगाच्या हौसेने आला. नवीन काहीतरी घुसवलं म्हणून आला.

खजराना_नाका
आला वेगापायी, पण सहा वर्षं लपला कुठे ते बोल. पान आत आणायचे दोन वेगळे रस्ते, एक स्वॅपकॅशमधून, एक बाहेरून, दोघांचे लॉकचे नियम वेगळे, कुठला कधी लागू ते डोक्यात ठेवायचं रिव्ह्यू करणाऱ्याने. फिक्स बघितलंस का? स्लॉटला खूण करून ठेवायची, आणि मागून येणाऱ्या थ्रेडला एक टिक झोपवून पुन्हा फॉल्ट घ्यायला, म्हणजे पान नव्याने मागायला, लावायचं. काम होतं, पण असं ठिगळ लावायची वेळ येते कारण खाली पाया साफ नाही. आता 2025 मध्ये, 6.18 ला स्वॅप टेबल आलं. एक्सॅरे (नोंदींची झाडासारखी रचना) काढून प्रत्येक क्लस्टरचं (स्लॉटच्या गटाचं) साधं टेबल, एक्स-86 वर 512 स्लॉट, प्रत्येकी 8 बाइट, बरोबर 4 केबीचं एक पान. आणि दुसऱ्या टप्प्याच्या सिरीजचा रोखच तो वळसा बंद करून सगळ्यांना स्वॅपकॅशच्या एकाच रस्त्याने आणण्यावर आहे. तुझ्या नियमाने चाललं असतं तर हे कधीच झालं नसतं.

जुने_सिस्टिमवाले
मंडळी, एवढा खटाटोप कशाला? स्वॅप बंद करा, मोकळे व्हा. रॅम काय सोन्याच्या भावाने मिळते का. मी सर्व्हरवर पहिलं काम स्वॅपऑफ करायचो.

मांडवीकर_बडोदा
काका, रॅमचे भाव हल्ली बघितले नाहीत वाटतं तुम्ही, आणि त्यांच्या बोर्डावर रॅम सोल्डर केलेली असणार. दुसरं म्हणजे स्वॅप बंद केलं की मेमरीचा दाब नाहीसा होत नाही. प्रोग्रामच्या हीपमधली पानं हलवायला जागाच नाही, म्हणून कर्नल फाइलची पानं फेकतं, आणि त्यात ॲपचा स्वतःचा कोडही येतो. मग तोच कोड डिस्कवरून परत वाच, परत फेक, मशिन गोठतं, ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा) यायलाही उशीर करतो. आम्ही फोनवर काम करतो, तिथे झेडरॅमशिवाय चालतच नाही. स्वॅपिनेसची (कर्नलने स्वॅपकडे किती झुकायचं त्या आकड्याची) मर्यादा 5.8 मध्ये 100 वरून 200 केली ती उगाच नाही, झेडरॅमसारख्या ठिकाणी पान आणणं डिस्कपेक्षा स्वस्त पडतं.

जुने_सिस्टिमवाले
फोनचं मला माहीत नाही. सर्व्हरचं माझं मत तेच.

सुदामानगरची
रामबागकर सर, इंदूरमध्ये झेडरॅमवर बिलाची मशिनं बनवणाऱ्या कंपन्या किती असतील हो? ती ज्युनियर मीच. इथे एवढं सविस्तर लिहिण्याआधी मेलला दोन ओळी उत्तर दिलं असतंत तर बरं झालं असतं. तुमच्या कमेंट फक्त पहिल्या दोन पॅचवर आहेत, त्याही स्पेसिंगच्या.

आता इथेच सांगते. आपल्या ट्रीमध्ये प्रत्येक स्वॅप स्लॉटमागे स्वॅप मॅपचा एक बाइट आहे. त्यात किती जण स्लॉट धरून आहेत तो आकडा, कमाल 62. त्याच बाइटात 0x40 लागला की पान स्वॅपकॅशमध्ये, 0x80 लागला की आकडा मावला नाही, पुढे बघा, आणि 0x3f असेल तर स्लॉटच खराब. मेनलाइनमध्ये (टोरवाल्ड्सच्या मूळ कर्नलमध्ये) हे जपून केलंय. आपल्याकडे कुणीतरी जुन्या पॅचने एका ठिकाणी हा 0x40 क्लस्टर लॉकच्या बाहेर वाचलाय, थोडा वेळ वाचावा म्हणून. पॅच 1 ते 7 ने सगळीकडचे हाताने केलेले तपास एका हेल्परमध्ये आणले, म्हणून तर हे एक ठिकाण उघडं पडलं. पॅच 8 ते लॉकच्या आत घेतो. 9 ते 11 उरलेलं भंगार काढतात.

रामबागकर
म्हणजे पॅच 8 वागणूक बदलतो. मग कव्हर लेटरवर 'बदल नाही' कशाला लिहिलं? मी नेमकं याच ओळीला घाबरतो. कोड हलवायचा एका पॅचमध्ये आणि बदलायचा वेगळ्या, आणि जो बदलतो त्याच्या डोक्यावर ठळक लिहायचं की हा बदलतो. रिव्ह्यू करणारा 'साफसफाई' वाचून अर्ध्या डोळ्याने स्क्रोल करतो, मग 5.12 होतं.

खजराना_नाका
हे मात्र पटलं. लेबल चुकीचं तर नजरही चुकीच्या जागी जाते.

सुदामानगरची
लेबल बदलते, कोड तोच राहील. हलवणं आणि बदलणं आधीपासूनच वेगळ्या पॅचमध्ये आहे, उघडून बघा. टेस्टचं म्हणाल तर झेडरॅम आणि एक्स्ट4 फाइलसिस्टिमवरची स्वॅपफाइल दोन्ही करून झालंय, मेमरी सीग्रुप (प्रोसेसच्या मेमरीवरची मर्यादा) मुद्दाम आवळून, लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) आणि केकसॅन (रेस पकडणारं) चालू ठेवून. लॉग मेलमध्ये जोडलेत.

रामबागकर
स्वॅपफाइलवर केलंस ते चांगलं. पण लोड चालू असताना मध्येच स्वॅपऑफ मारलंस का? तेव्हा कर्नल एकेका प्रोसेसची पेजटेबलं चाळून पानं ओढून आणत असतं आणि दुसरीकडे फॉल्टही चालू असतात, 0x40 ची खरी परीक्षा तिथे आहे. केकसॅन अशा वेळी बरंच काही पकडतं.

मांडवीकर_बडोदा
आणि फोर्क करणारा (प्रोसेसच्या प्रती काढणारा) लोड ठेवा, म्हणजे आकडा 62 च्या पुढे जाईल. नाहीतर 0x80 वाला रस्ता टेस्टमध्ये कधी लागतच नाही, बहुतेक जण हेच विसरतात.

सुदामानगरची
स्वॅपऑफ लोडखाली नाही केलं. आज रात्री लावते, फोर्कसकट.

रामबागकर
ते निघालं स्वच्छ तर 1 ते 7 सोमवारी घेतो. 8 या रिलीजला नाही, दिवाळीत दुकानांमध्ये मशिनं दिवसभर चालू असतात.

सुदामानगरची
सर, 1 ते 7 हे 8 साठीच आहेत. आणि दिवाळीतच तर मशिनं सगळ्यात जास्त स्वॅप करतात.