अनुभव धागा : योजना तुमच्या वाडीपर्यंत पोचली का?

२०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली तेव्हा भाच्याचा अर्ज मीच भरला. वय १८ ते ३५, सहा महिने कामाचा अनुभव, बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. आम्ही रत्नागिरी शहरात राहतो, घरात इंटरनेट आहे, कागद फायलीत लावलेले होते. अर्ध्या तासात काम झालं. त्याच्याच वर्गातला एक मुलगा वरच्या अंगाच्या वाडीतला. त्याला योजना कळली तेव्हा जागा भरून गेल्या होत्या. मार्क त्याचे भाच्यापेक्षा जास्त. हे माझ्या मनातून जात नाही, म्हणून विचारते आहे. तुमच्यापर्यंत काय पोचलं, कुठे अडलं, पुढे जायला कोणी मदत केली? सविस्तर लिहा. कार्यालयांची आणि माणसांची नावं नकोत.

संगमेश्वर तालुका

ताई, त्या मुलासारखाच मी. आमच्या वाडीत रेंज नाही, वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढलं तर मिळते. पण खरी अडचण वेगळीच निघाली. माझ्या आधारला नंबर बाबांचा जोडलेला, आणि बाबा विरारला वॉचमन. तालुक्याच्या गावी अर्ज भरायला बसलो की ओटीपी जायचा विरारला. बाबा ड्युटीवर, फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. अशा तीन खेपा झाल्या. शेवटी ग्रामपंचायतीत संगणकावर बसणाऱ्या ताईंनी सांगितलं, आधी आधारचा नंबर बदल, मग अर्ज. तोवर हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

एका कार्यालयात लागलो. पहिले दोन महिने विद्यावेतन आलं नाही. शाळेत शिष्यवृत्तीसाठी काढलेलं जुनं खातं आधारला जोडलेलं राहिलं होतं, ते कधीच बंद पडलेलं. पैसे येईपर्यंत एसटीचं भाडं आईने कोंबड्या विकून दिलं. काम मात्र मन लावून शिकलो. आज तक्ते, टिपण्या, आवक-जावक सगळं येतं.

रत्नागिरी, बंदराजवळून

मत्स्यव्यवसाय खात्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण मी केलं आहे. नौकानयन, डिझेल इंजिनाची देखभाल, जाळ्यांचं काम. पोहता यायलाच हवं. फार चांगलं शिकवतात. पूर्वी इंजिन बंद पडलं की आम्ही दुसऱ्या होडीची वाट बघत तरंगत राहायचो. आता मी स्वतः उघडतो.

माझं म्हणणं वेळेबद्दल आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेवढे दोन महिने आमची पोरं रिकामी. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या की कोणीही वर्गात बसणार नाही, कारण हंगामाचा हिस्सा बुडतो. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करायचा म्हणजे अर्धा हंगाम सोडायचा. ते मला जमलं, भाऊ होडीवर होता म्हणून. ज्याच्या घरात तो एकटाच कमावता, त्याने काय करावं? दोन पावसाळ्यांत मिळून तेच शिकवा, आमच्या आळीतली वीस पोरं उद्या येतील. आम्ही आमच्याच बंदरात नेपाळहून आलेले खलाशी घेतो आणि आमची पोरं मुंबईत गोदामात जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रायगड, पेणच्या बाजूने

मी कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर काम करते. वरच्या दादांचा वेळेचा मुद्दा इथे तर आणखी टोचतो. दिवाळीनंतर वाडी वीटभट्टीवर जाते, ती पावसाच्या तोंडाला परत येते. कौशल्य प्रशिक्षणाची माहिती द्यायला माणसं आली जानेवारीत. वाडीत म्हातारी माणसं आणि कुत्री. अहवालात ‘प्रतिसाद नाही’ असं गेलं.

दुसरं, जातीचा दाखला. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या आजोबांच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती, त्यांनी तो कुठून आणायचा? आम्ही शाळेची जुनी रजिस्टरं चाळतो, चुलत्यांचे दाखले शोधतो. एका मुलाचा दाखला हातात पडायला चौदा महिने लागले. तोवर त्याचं लग्न झालं आणि तो भट्टीवर गेला.

चिपळूण

मला चालताना कुबडी लागते. शिवणवर्गात नाव लागलं, वर्ग दुसऱ्या मजल्यावर. पंधरा दिवस चढले, मग सोडलं. शिवणाचं एक मशीन खाली आणलं असतं तरी पुरलं असतं.

धागा मांडणारी

चिपळूणच्या ताई, पुन्हा शिकायची इच्छा असेल तर मला निरोप करा. मी सोबत येते, तळमजल्याची मागणी आपण लेखी देऊ.

वेंगुर्ले तालुका

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मी काजू प्रक्रिया शिकले. राहणं-जेवण फुकट. मूल तीन वर्षांचं. सासूबाई म्हणाल्या, “तू जा गो, झिलाक मी सांभाळतंय.” त्या एका वाक्यावर मी गेले. आमच्या तुकडीतल्या दोघी केवळ मूल कोणाकडे ठेवायचं म्हणून मधूनच परतल्या.

मग प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून अर्ज केला. ग्रामीण भागातल्या बाईला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान, स्वतःचे ५ टक्के घालायचे, आणि तेव्हा १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असा नियम होता. सगळं जमत आलं आणि शेडच्या जागेवर अडलं. सातबारा सामायिक, त्यावर सव्वीस नावं. निम्मी माणसं मुंबईत, दोघं बडोद्याला, तिघं वारलेले आणि वारस लागलेले नाहीत. संमतीपत्राशिवाय शेड बांधता येईना. कोकणात किती जणींचं असंच अडलं असेल, विचार करून बघा.

मी गणपतीची वाट बघितली. चाकरमानी गावात आले की घरोघर आरतीला गेले, आणि आरती झाल्यावर कागद पुढे केला. कोणी रागावलं नाही, उलट एका चुलत दिरांनी बाकीच्यांना फोन लावले. पाच दिवसांत अठरा सह्या झाल्या. वारसांच्या नोंदीचा अर्ज तलाठ्यांकडे दिला आहे. बडोद्याचे दोघे शिमग्याला येतो म्हणाले आहेत.