चार फुटी टँकखाली संप: वीज गेली तर हॉलमध्ये पाणी येणार का?

फोंडेकर_गोल्डफिश:
नमस्कार मंडळी. फोंड्यात जुने चिऱ्यांचे घर, हॉलमध्ये ४ × दीड × दीड फुटांचा टँक, आत पाच ओरांडा गोल्डफिश. काठावर लटकवलेला फिल्टर त्यांच्या घाणीपुढे हात टेकतो, म्हणून स्टँडच्या खाली संप, म्हणजे पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी दुसरी टाकी, करायचा आहे. जागा ३० × १२ इंच, उंची १५. काचवाला म्हणतो भोक कशाला, बाहेरून लटकणारा ओव्हरफ्लो बॉक्स घ्या, सायफनने पाणी आपसूक खाली येते. पण पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि चवथीचे मखर त्याच हॉलमध्ये असते. पाणी सांडले तर आई माशांसकट मला बाहेर काढील. पंप किती लिटरचा? आत काय भरू? आवारात चिऱ्याचे तुकडे पडलेत, चालतील? पाणी ओपा पाणीप्रकल्पाचे, नळाचे, शिवाय विहीर आहे.

डिचोलीची_ताई:
लटकता बॉक्स गोव्यात नकोच. वीज गेली की त्याच्या सायफनमध्ये हवा शिरू शकते. मग वीज आली की पंप वर पाणी ढकलत राहतो आणि खाली यायची वाट बंद. पंपाचा कप्पा रिकामा होईपर्यंत सगळे तुमच्या लादीवर. तुम्ही नेमके कामावर असणार.

काचेला भोक पाडून घ्या. काच टफन्ड नाही ना, एवढे आधी विचारा. टफन्ड काचेला ड्रिल लागले की चुरा होतो. भोकात टँक निपल बसवायची, सिंटेक्सच्या टाकीला असते तीच. सिलिकॉनच्या ट्यूबवर अँटी-फंगल लिहिलेले असेल तर परत करा, ते बाथरूमसाठी असते.

आता पाण्याचा हिशेब, कारण खरी भानगड इथे आहे. तुमच्या टँकमध्ये १ इंच पाणी म्हणजे साधारण १४ लिटर. संपात १ इंच म्हणजे जेमतेम ६. पंप थांबला की टँकमधले पाणी ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत उतरते, आणि परतीच्या पाइपाचे तोंड जितके खोल तितके उलटे सायफनने आणखी खाली येते. समजा २ इंच उतरले: २८ लिटर, पाइपातले धरून ३०. म्हणजे संप ५ इंच वर चढणार. १५ इंचांच्या संपात चालू पातळी ९ च्या वर ठेवायची नाही. आत कप्पे पाडणाऱ्या काचाही त्याच मापाच्या करून घ्या, एकदा चिकटल्या की संपले. परतीच्या पाइपाचे तोंड पाण्याखाली अर्धा इंच, त्याहून खोल नको. पाणी उलटे येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर मी विसंबत नाही. एक गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो.

मासे सोडण्याआधी पंप बंद करून समोर उभे राहा आणि पाणी कुठे थांबते ते बघा. मग चालू करून पंपाच्या कप्प्यावर मार्करने रेघ ओढा. बाष्प झालेले पाणी त्याच कप्प्यातून कमी होते. मे महिन्यात पंखा फिरत असला तर रोज बघावे लागते, नाहीतर पंप कोरडा पडतो.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तुम्हाला ४ फूट वर चढवून तासाला ११०० लिटरच्या आसपास हवेत, तेव्हा २००० ते २५०० लिहिलेला घ्या. जास्त झाला तर पुढच्या बाजूने व्हॉल्व्हने दाबा, ओढणारे तोंड कधीच दाबू नका.

चिरा नको. भुसभुशीत असतो, लाल भुकटी सोडत राहतो. पहिल्या कप्प्यात फिल्टरचा मोजा (गाळायची कापडी पिशवी) किंवा फिल्टर वूल, ते आठवड्याला धुवा. पुढे स्पंज आणि सिरॅमिक रिंग. त्या टँकच्याच पाण्यात खळखळवायच्या, नळाखाली नाही. क्लोरीनने त्यांवरचे घाण पचवणारे बॅक्टेरिया मरतात.

मडगावचा_रिफवाला:
ताईंनी सांगितलेच. उतरता पाइप सव्वा इंचाखाली नको. वर टी (T आकाराचा जोड) लावून टोपणाला बारीक भोक पाडा, नाहीतर रात्रभर गुळगुळ ऐकत बसाल. प्लगकडे जाणाऱ्या वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत जात नाही. ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे ना घरात?

फोंडेकर_गोल्डफिश:
ईएलसीबी आहे. भोकाचे ठरले, काचवाल्याला सांगून आलो, तोंड वाकडे केले त्याने. विहिरीचे पाणी तपासले तर पीएच ६.३. नळाऐवजी तेच वापरू का? क्लोरीनची कटकट नाही.

डिचोलीची_ताई:
नुसते विहिरीचे वापरलेत तर काही दिवसांत आणखी खाली जाईल. लाल मातीतले पाणी मऊ असते, आणि संपातले बॅक्टेरिया अमोनियाचे नायट्रेट करताना पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, खातात. ओरांडा घाण भरपूर करतात, म्हणून ती लवकर संपते. पीएच घसरला की बॅक्टेरियाच सुस्तावतात आणि अमोनिया साचू लागतो. म्हणजे संप दिसायला चालू, काम बंद.

घरी तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) होतात ना? शिंपल्या उकळून, मांस खरवडून, उन्हात वाळवा. दोन मुठी जाळीच्या पिशवीत घालून रिंगांच्या शेजारी ठेवा. पाणी आंबट झाले की त्या हळूहळू विरघळतात, फार वर नेत नाहीत. तरी महिनाभर दर आठवड्याला पीएच आणि केएच (हीच अल्कलिनिटी) मोजा. आणि मिठात उकळलेल्या नकोत, साध्या पाण्यात.

फोंडेकर_गोल्डफिश:
आई विचारते, खुब्यांच्या चालतील का? त्याच जास्त आहेत घरात.

डिचोलीची_ताई:
चालतील. फक्त फोडून घाला, जाड असतात.