टेकडीवर जाऊन खरंच ताण उतरतो का?

रात्रपाळी:
राहायला कोथरूडला, वय ४१. अमेरिकेतल्या क्लायंटपायी रोज रात्री साडेअकरापर्यंत कॉल. गेल्या महिन्यात बीपी १५०/९६ निघालं. डॉक्टर म्हणाले, जरा निसर्गात जात जा. म्हणून रविवारी सगळे लोणावळ्याला गेलो. तीन तास ट्रॅफिक, मुलगी गाडीत ओकली, भुशी डॅमच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. घरी येऊन बीपी मोजायची छाती झाली नाही. कुणाला खरंच फरक पडलाय का?

टेकडीकर:
अहो, कोथरूडला राहून लोणावळा? म्हातोबा टेकडीच्या बाजूने चढलात की थेट वेताळ टेकडी, पुण्यातल्या सगळ्यात उंच जागांपैकी एक!

मी सहा वर्षं जातोय. पहिलं वर्ष वायाच गेलं. हातात पावलं मोजणारं घड्याळ, कानात हेडफोन. घामाशिवाय काही पदरात पडलं नाही. एकदा बुटाचा तळ सुटला, म्हणून जुन्या खाणीपाशी दगडावर बसलो. पाण्यात एक टिबुकली होती, बदकासारखा छोटा पाणपक्षी. बुडी मारायची, मी मनात आकडे मोजायचो. बाराला वर येईल म्हणावं तर अठराला, तीही भलत्याच कोपऱ्यात. तासभर हाच उद्योग. उतरताना लक्षात आलं, साहेबांची मेल एकदाही आठवली नाही. तेव्हापासून चालणं कमी, बसणं जास्त.

(वर गिरिपुष्प या परदेशी झाडाची लागवड फार आहे, तिला जंगल समजू नका. सालई, मोई अशा इथल्या झाडांखाली बसा.)

आकडेमोड:
इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये आला होता. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये तब्येत चांगली आहे, समाधान आहे असं सांगणारे जास्त निघाले. एका दमात काय, तुकड्यातुकड्यांनी काय, फरक नव्हता. पण निसर्गामुळे बरं वाटलं, की बरं असणारेच बाहेर पडतात, हे त्यातून ठरत नाही. तेव्हा गोळी लिहून दिली तर टेकडीच्या भरवशावर टाळू नका.

रात्रपाळी:
आज सकाळी साडेसहाला गेलो. टेकडीकर, तुमची टिबुकली काही दिसली नाही. सातभाई पक्षी दिसले, मोजले तर नऊ निघाले. दहावा शोधत होतो तेवढ्यात मॅनेजरचा फोन, आणि मी मूर्खासारखा उचलला! उद्या फोन घरी ठेवून जातोय. बायकोला सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर रेंज नाही म्हण.