मदत हवी आहे: आईचा आमवात, मेथोट्रेक्सेट पुरेना, त्यात जुना टीबी

नमस्कार मंडळी,

आई ५८ वर्षांची, वाईजवळच्या गावी दादा-वहिनीकडे असते. तिचं दुखणं पायाच्या चवड्यांपासून सुरू झालं. बोटं इतकी सुजली की जोडवी सोनाराकडून कापून घ्यावी लागली. तरी गावात सगळ्यांचं एकच, "वय झालं, व्हायचंच." पुढे हाताची पेरं, मनगटं धरली. सकाळी नऊ-दहापर्यंत मूठ वळत नाही, पदराला पिन वहिनी लावून देते.

पुण्यात ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (सांधेविकारतज्ज्ञांना) दाखवलं. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, आमवाताच्या या दोन्ही रक्ततपासण्या चांगल्याच वाढलेल्या, एक्स-रेमध्ये मनगटाचं हाड कडेला कुरतडल्यासारखं दिसतंय. आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट वाढवत वाढवत आठवड्याला २० मिग्रॅ झालं, सोबत फॉलिक ॲसिड, एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५ मिग्रॅ. फरक आहे, नाही असं नाही. पण प्रेडनिसोलोन जरा कमी केलं की मनगट पुन्हा फुगतं. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) काही खाली येत नाही.

आता डॉक्टर म्हणतात, पुढचं औषध जोडू या. टोफासिटिनिबच्या गोळ्या किंवा दर पंधरा दिवसांनी अडालिमुमॅबचं इंजेक्शन. घोडं अडलंय ते इथे: मी शाळेत असताना आईला फुप्फुसाचा टीबी झाला होता. कोर्स पूर्ण केला होता, पण तेव्हाचे कागद घरात सापडत नाहीत. शिवाय बीपीची गोळी चालू आहे. हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं का? बीपीचं सांगितलं. टीबीचं त्या गडबडीत आईनेच दाबलं, "जुनं कशाला उकरायचं" म्हणून.

दुसरीकडे दादाने एका महाराजांचं चूर्ण आणलंय. दोन दिवसांत उतार पडतो म्हणे. ते तूर्त माझ्याकडे जप्त आहे.

अशा पेशंटला ही औषधं देतात का? आधी काय तपासतात? कुणाच्या घरी अनुभव असेल तर सांगा. खर्चाचंही लिहा.

प्रतिसाद: मनगटवाली

ताई, टीबीचं आजच्या आज डॉक्टरांना कळवा, फोनवर तर फोनवर. मला याच आजारासाठी अडालिमुमॅब सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, टीबी गोल्ड नावाची रक्ततपासणी आणि कावीळ बी, सी असं सगळं केलं होतं. माझ्या शरीरात टीबी झोपलेला निघाला. म्हणून आधी महिनाभर आयसोनियाझिड घेतलं, मगच पहिलं इंजेक्शन, आणि गोळ्या पुढेही काही महिने चालूच होत्या. सुया आता माझ्या मीच पोटावर टोचते.

मेथोट्रेक्सेट गोळीने घेतात की इंजेक्शनने? मला १५ च्या वर गोळी अंगी लागतच नव्हती, नुसती मळमळ. तेवढाच डोस इंजेक्शनने घेतल्यावर फरक पडला. हे विचारून बघा, त्या मानाने स्वस्तातलं आहे.

प्रतिसाद: औषधवाला

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, एवढं धरून वाचा.

टीबी पूर्वी होऊन गेला असेल तर टीबी गोल्ड कोर्सनंतरही पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे एकट्या त्या रिपोर्टवर निर्णय होत नाही. खोकला, ताप, वजन उतरणं, एक्स-रे, गरज पडल्यास सीटी, सगळं मिळून बघतात. अडालिमुमॅबच्या गटात झोपलेला टीबी उठण्याची भीती जास्त असते. टोफासिटिनिबलाही तीच तपासणी लागते, गोळी आहे म्हणून ती सौम्य असं समजू नका. २०२२ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या रुग्णांमध्ये टोफासिटिनिबवर हार्ट अटॅक-पक्षाघातासारखे प्रकार आणि कॅन्सर, दोन्ही टीएनएफ इंजेक्शनांपेक्षा (म्हणजे अडालिमुमॅबच्या गटापेक्षा) जास्त दिसले. आई ५८ आणि बीपी, म्हणजे हा प्रश्न विचारायलाच हवा.

दोन पर्याय आणखी विचारा. एक, मेथोट्रेक्सेट आणि एचसीक्यूला सल्फासॅलॅझिन जोडून तिहेरी गोळ्या. २०१३ च्या एका चाचणीत, मेथोट्रेक्सेट पुरत नसलेल्या रुग्णांत हा उपाय मेथोट्रेक्सेट अधिक एटानरसेप्ट (तेही टीएनएफ इंजेक्शनच) यांच्या तोडीस तोड ठरला होता, आणि टीबीची धास्ती नाही. सल्फाची ॲलर्जी नाही ना, ते आधी सांगायचं. दुसरा, रिटुक्सिमॅब. पंधरा दिवसांच्या अंतराने सलाइनमधून दोन डोस, आणि त्यात टीबी उठण्याची भीती बरीच कमी. मात्र कावीळ बी तपासल्याशिवाय अजिबात नाही. अडालिमुमॅब, रिटुक्सिमॅब दोन्हींच्या भारतीय कंपन्यांच्या बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळत्याजुळत्या आवृत्त्या) आहेत, मूळ ब्रँडपेक्षा बऱ्याच स्वस्त.

आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज घेऊन रक्तपेशी कोसळून माणसं दगावलेली आहेत. पाकिटावर मार्करने वार लिहा, बाकीच्या रोजच्या डब्यात ती गोळी टाकूच नका.

प्रतिसाद: देशस्थ काका

आंबट, दही, वांगं बंद. सुंठीचं पाणी आणि एरंडेल. आमच्या मातोश्री नव्वदीपर्यंत चालत्या होत्या.

प्रतिसाद: मनगटवाली

काका, मातोश्रींचं मनगट एक्स-रेमध्ये कुरतडलेलं होतं का? सुंठ घ्या हो, पण गोळ्यांच्या जागी नको. ताई, ते चूर्ण मात्र डॉक्टरांना दाखवा. दोन दिवसांत सूज उतरवणाऱ्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं. आई ते आधीपासून खात असेल तर एकदम बंदही करायचं नसतं, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर झोपी गेलेलं असतं.

प्रतिसाद: धागाकर्ती

मनापासून आभार. डॉक्टरांच्या असिस्टंटशी बोलले, टीबीचं ऐकून त्यांनी नवं औषध थांबवायला सांगितलं. एक्स-रे आणि टीबी गोल्ड लिहून दिलंय, कावीळही. मेथोट्रेक्सेट तूर्त इंजेक्शनने देऊन बघू म्हणाले. आईने चूर्ण दोनदाच खाल्लंय असं ती म्हणते. वहिनी म्हणते पुडी अर्धी संपली होती. हेही सांगून टाकलं.

आता एवढंच: मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन सातारा-वाईकडे नियमित मिळतं का, की पुण्याहून नेऊन ठेवावं लागेल? आणि महात्मा फुले योजनेत रिटुक्सिमॅब बसतं का, कुणी आरोग्यमित्राला विचारलं असेल तर कृपया लिहा.