नगावरची मजुरी आणि मार्क्स

‘गिरणी संपली, मार्क्सही संपला’ असं काही जण म्हणतात. विड्या वळणाऱ्या निपाणीत हे मत टिकत नाही. ‘कॅपिटल’चा पहिला खंड १८६७चा. त्यातलं नगावरच्या मजुरीचं, म्हणजे तासांवर नव्हे तर केलेल्या नगांवर मिळणाऱ्या मजुरीचं प्रकरण काढा. इंग्रजी आवृत्तीत २१वं, नंतरच्या जर्मन आवृत्त्यांत १९वं. वाचनगटात निम्मे गोंधळ या आकड्यांमुळेच होतात.

मार्क्सचं म्हणणं असं: नगावर पैसे दिले की देखरेखीला माणूस लागत नाही, दर्जाच्या नावाखाली कपात करता येते आणि मध्ये कंत्राटदार शिरतो. विडीचं तेच. मजुरी हजारी विड्यांवर. पान-तंबाखू मोजून मिळतो. पान फाटकं निघालं तर विड्या कमी भरतात आणि तूट बाईच्या माथी. वर ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी वेगळीच बुडते. म्हणून तर १९६६च्या विडी-सिगार कामगार कायद्यात कलम ३९ आलं: कच्चा माल, छाट आणि छाटीची मजुरी यांवरचे तंटे झटपट सोडवायला. बेळगावच्या वडगाव-खासबागेतल्या विणकरांच्या मागावरही साडीमागेच दर.

मार्क्स तोकडा पडतो तो घरात. पानं कापणारी, विड्यांची तोंडं बंद करणारी पोरगी कुठल्याच कामगार-कार्डावर नसते. जातीचं तर विचारूच नका, तिथे आंबेडकरच लागतात.

नव्याने वाचणाऱ्यांनी पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू नये, तिथेच गट फुटतात. खुद्द मार्क्सने आपला मित्र कुगेलमान याच्या पत्नीसाठी ‘कामाचा दिवस’सारखी प्रकरणं आधी सुचवली होती.