ऊन पडलं म्हणजे उतार सेफ झाला असं नाही

वर एकाने लिहिलंय की बर्फ पडून गेला आणि ऊन आलं की डोंगरावर निघायला हरकत नाही, पण कळकळीने सांगते, मोठ्या बर्फानंतरचे पहिले 24 ते 48 तासच हिमस्खलनाच्या, म्हणजे उतारावरचा बर्फ एकदम घसरून येण्याच्या, जास्त धोक्याचे, नव्या थराने खालच्या जुन्या थराला नीट धरलेलं नसतं. त्यात 30 ते 45 अंशांचा उतार सगळ्यात वाईट. उत्तरकाशीजवळ द्रौपदी का डांडा शिखरावर ऑक्टोबर 2022 मध्ये हिमस्खलनात 25 हून जास्त जणांचा जीव गेला, तेही ट्रेनिंग घेणारे! असा उतार एकेकानेच पार करा, बाकीच्यांनी नजर ठेवा. आणि बीकन (गाडलेला माणूस कुठे आहे ते सिग्नलने शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवंच, गाडलेल्या माणसाला 15 मिनिटांत काढलं तर खूप आशा असते, खालून मदत यायला तेवढा वेळच नसतो हो.