घरी येणाऱ्या फिजिओला 'आधी हात धुवा' म्हणायचं की नाही?

म्हापशेकरीण:
सासऱ्यांना स्ट्रोक झाल्यापासून लघवीची नळी (कॅथेटर) आणि बॅग लावलेली आहे, घरी फिजिओ येतो, शिवाय दिवसपाळीला ब्युरोची नर्सबाई. फिजिओचा मुलगा कामाला वाघ आहे, पण स्कूटरवरून उतरला, हेल्मेट काढलं की सरळ ग्लोव्ज चढवतो आणि बाबांचा पाय धरतो, मग त्याच ग्लोव्जनी मोबाईल, त्याच ग्लोव्जनी स्नायूंना करंट देणाऱ्या मशीनचं बटण आणि परत कमरेला हात, जिथे बेडसोअरची (पडून राहून झालेल्या जखमेची) पट्टी आहे. मी बोलले तर नवरा म्हणतो उगाच अपमान कशाला, सोडून गेला तर दुसरा कुठून आणशील? मला तर वाटतं तोंडावर सांगावं.

सासष्टीकर:
अहो घर आहे ते, आयसीयू नव्हे. कोविडपासून लोकांना धुण्याचं वेडच लागलंय. आमची आजी अंथरुणाला खिळून होती, ग्लोव्ज कोणी बघितले पण नव्हते. इथे माणूस मिळायची मारामार, अर्धी पोरं लंडन-दुबईला, त्यात येणाऱ्याला नियम शिकवा म्हणजे झालंच.

नाईट ड्युटी:
सासष्टीकर, आजीला कॅथेटर होता का? नसेल तर ती तुलनाच सोडा. डब्ल्यूएचओच्या 2009 च्या गाइडलाइनमध्ये पेशंटला हात लावायच्या आधी, लावल्यानंतर, त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना लावल्यानंतरही हात साफ करायला सांगितलंय, ते काय फक्त आयसीयूसाठी नाही. आणि मला ग्लोव्जपेक्षा युरीन बॅगची जास्त भीती. फिजिओ पेशंटला बसवताना बॅग आडवी येते म्हणून उचलून पोटावर ठेवतात, झालं, नळीतली लघवी उलटी मूत्राशयात. बॅग कायम मूत्राशयाच्या खालीच हवी, फक्त जमिनीला टेकवू नका.

स्कूटरवाला फिजिओ:
सगळं आमच्यावरच का? ग्लोव्जचं मान्य, साध्या एक्सरसाइझला ते लागतच नाहीत, रक्त, जखम, लघवी असेल तेव्हाच, नाहीतर स्नायूचा ताण बोटांना कळत पण नाही. मी सॅनिटायझर 20-30 सेकंद चोळतो. पण घरात बेसिनवर काय असतं सांगू? पाण्यात विरघळलेली साबणाची वडी आणि सगळ्या घराने पुसलेला ओला नॅपकिन. त्याला पुसण्यापेक्षा न धुतलेलं बरं. पावसाळ्यात मशीनचे स्पंज वाळतच नाहीत, ओल्यात जंतू वाढतात म्हणून प्रत्येक पेशंटचे चिकटणारे पॅड वेगळे आणायला सांगतो, तर पैशाचं नाव काढलं की तोंड वाकडं.

नाईट ड्युटी:
नॅपकिनचं शंभर टक्के बरोबर, पंपाची बाटली आणि टिश्यू ठेवा. पण सॅनिटायझरवर सगळं सोडू नका, जुलाब चालू असतील तर साबणपाणीच, सी डिफ म्हणून जुलाबाचा जंतू असतो, त्याचे स्पोअर (टणक कवचातली रूपं) अल्कोहोलने मरत नाहीत.

सासष्टीकर:
आता टिश्यू पण. पेन्शनमध्ये बसवा हे सगळं.

म्हापशेकरीण:
टिश्यू आणते. पॅडचे पैसे पण देईन, आधी सांगायचं ना.

स्कूटरवाला फिजिओ:
आणि बॅग खाली धरायला त्या वेळी घरातला एकजण हवा. मला दोनच हात आहेत. तुम्ही सगळे असता कुठे?

म्हापशेकरीण:
किचनमध्ये, तुमचा चहा करत 😄